पहिली सही

१

बाबांच्या पुण्यानुमोदनाला आम्ही दीडशे माणसांचा स्वयंपाक केला होता. जेवायला तेवीस आले.

सावळपार हे कन्हान नदीच्या काठावरचं नऊशे मतदारांचं गाव. बाबांना, म्हणजे धम्मानंद गुरुजींना, इथे सगळे ओळखत. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही गाव सोडलं नाही. मी नागपुरात महाल भागात राहते, एका ग्रंथालयात काम करते. बाबा नऊ फेब्रुवारीला गेले. त्या दिवशी अंत्ययात्रा शाळेपासून घाटापर्यंत लांब होती. पंधरा दिवसांनी त्याच गावाने मांडव रिकामा ठेवला होता.

शेजारच्या कौसल्याआजी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "माया, तुले कोणी सांगितलं नाई का वं?"

"काय?"

"पंचायतीच्या बोर्डावर कागद लागला आहे. पाहून ये."

मी गेले. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेचा ठराव होता. गावाचं वाचनालय आणि त्यापुढचं पटांगण रेती डेपोसाठी देण्यास ग्रामसभा एकमताने संमती देत आहे. उपस्थित एकशे आठ. खाली नावांची यादी होती आणि पहिलं नाव बाबांचं होतं.

वाचनालय बाबांनी उभं केलं होतं. प्रत्येक घराने विटा आणून दिल्या होत्या. डेपोची गोष्ट निघाल्यापासून वर्षभर प्रत्येक सभेत उभं राहून विरोध करणारा माणूसही एकच होता. आता गाव काय समजत असेल ते मला बोर्डासमोरच कळलं. पाठीमागून दोघं जण बोलत गेले, मला ऐकू यावं इतपत मोठ्यांदा.

"दवाखान्याचा खर्च डेपोवाल्यांनी केला म्हणते."

"मंग. फुकट कोण सही करते गा?"

मी पंचायत समितीकडे हरकत नोंदवली. सोमवारी विस्तार अधिकारी चौकशीला येणार होत्या. काही निघालं नाही, तर बुधवारी जागेचा ताबा जाणार होता. सोमवारपर्यंत मी गावातच राहायचं ठरवलं आणि पहिल्यांदा रजिस्टर पाहायला मागितलं.

नवंकोरं रजिस्टर होतं. पान एक. वर ठळक अक्षरात सभेची तारीख, खाली चार पानं सह्या, त्यानंतर ठराव. क्रमांक एकवर बाबांची सही. 'ध'ला गाठ, शेवटी न थरथरता ओढलेली रेघ. ती सही मी माझ्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिली होती.

खोटी असती तर बरं झालं असतं. ती बाबांचीच होती.

२

ग्रामपंचायत अधिकारी जितेंद्र डिसेंबरात बदलून आले होते. गावात त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणत. ते नागपूरच्या जरीपटक्याहून रोज मोटरसायकलने येत, आणि त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार होता.

"ठरावाचं अक्षर तुमचं आहे," मी म्हटलं.

"माझंच आहे, मॅडम. नाही कुठे म्हणतो?"

"म्हणजे सभेत तुम्ही होता."

त्यांनी हेल्मेट टेबलावरून उचललं, पुन्हा तिथेच ठेवलं. "झेंडा इथे केला आणि दुसऱ्या गावच्या सभेला गेलो. एका माणसाने दोन सभा कशा घ्यायच्या, ते वरचे सांगत नाहीत."

"मग लिहिलं कशावरून?"

"मसुदा आला. रजिस्टरसोबत टेबलावर ठेवला होता. सह्या आधीच झालेल्या, वरची जागा कोरी सोडलेली. मी तारीख टाकली, सह्यांच्या मागे मजकूर उतरवला. सह्या आधी आणि लिखाण नंतर, ही इथली पद्धत माझ्या आधीपासूनची आहे. सगळीकडेच तशी आहे."

"मसुदा कोणी ठेवला?"

"पंचायतीचा कागद पंचायतीच्या टेबलावर होता. चाबी शिपाई नत्थूजीकडे असते. विचारा त्याला."

मी उठले. दारात थांबून सहज विचारलं, "कधी उतरवलं हे?"

"उशीर झाला थोडा. दहा फेब्रुवारीला."

बाबा नऊ तारखेला गेले होते. कोणीतरी दोन आठवडे तो मसुदा खिशात ठेवून वाट पाहिली होती.

३

सरपंच गोपिका ओसरीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाबांचीच विद्यार्थिनी. तिने मला बसायला पाट दिला, पण चहाचं विचारलं नाही.

"मले डेपो पाहिजे, ताई. लपवून नाही ठेवलं मी. गावातली पोरं कामासाठी कामठीले जातात. गुरुजीसोबत मी समोरासमोर भांडली आहे."

"आणि शेवटी त्यांनी सही केली."

"मलेच नवल वाटलं ना. मी त्या दिवशी झेंडा फडकवला आणि घरी आली. याला ताप होता. नंतर ठराव समोर आला, पहिलं नाव गुरुजींचं. म्हटलं, पटलं असेल म्हाताऱ्याले."

"मग अध्यक्ष कोण होतं?"

"उपसरपंच. मी नसली की तेच पाहतात. ऑगस्टात मी बाळंतपणाले कन्हान गावी माहेरी होती, तेव्हाही दोन महिने त्यांनीच सांभाळलं." ती बाळाला खांद्यावर घेऊन थोपटू लागली. "तुमचा राग माझ्यावर असेल तर असू द्या. पण मी गुरुजींची सही चोरली नाही."

उपसरपंच मनोहरराव म्हणजे बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. मी त्यांना काका म्हणत मोठी झाले. अंगणात त्यांच्या मुलाचे रेती वाहायचे दोन नवे टिप्पर उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले.

"पोरी, कशाले उकरतेस? माणूस थकला होता. माझ्या बाजूच्याच खुर्चीवर बसला होता. ठराव पूर्ण वाचून झाला, तसा चष्मा लावला आणि म्हणाला, मनोहर, आता गावाच्या आड येत नाही. माझ्याच पेनाने सही केली."

"ठराव वाचून झाल्यावर?"

"नाही तर काय? तुझा बाप न वाचता सही करणारा होता का?"

नव्हता. मी चालत घरी आले, तेव्हा हेच वाक्य डोक्यात होतं. बाबा सभेत कधी आधी सही करत नसत. सगळा वृत्तांत लिहून होऊ देत, वाचून दाखवायला लावत, मग सगळ्यांच्या शेवटी सही करून तिच्याखाली आडवी रेघ मारत. त्यावरून गावात त्यांची थट्टा व्हायची. आता काका सांगत होते की सव्वीस जानेवारीलाही ते ठराव ऐकूनच सही करायला वळले. मग त्यांची सही एकशे आठवी हवी होती. उरलेले एकशे सात जण बाबा चष्मा लावेपर्यंत रांगेत उभे राहिले नसणार.

काका खोटं बोलत होते. पण सही खरी होती. आणि ती पहिली होती.

४

पंचायतीचे शिपाई नत्थूजी विहिरीजवळ बादली धूत बसले होते. मी बाजूच्या दगडावर बसले.

"नत्थूकाका, सव्वीस जानेवारीला किती माणसं होती?"

"झेंड्याले म्हणता की सभेले?"

"सभेला."

"चिवडा वाटून झाल्यावर जितकी उरते तितकी."

"शंभर?"

ते हसले, मग हसू गिळलं. "ताई, शंभराच्या खाली सभा भरत नाही. मंग शंभर असतीलच ना."

"तुम्ही रजिस्टर फिरवलं?"

बराच वेळ ते बादलीची तीच बाजू घासत राहिले. "मी शिपाई माणूस. चाबी माझ्याजवळ असते, कपाट माझं नसते. जा आता. लोक पाहून राहिले."

घरी कौसल्याआजी माझ्यासाठी भाकरी झाकून वाट पाहत होत्या. मी थकून विचारलं, "आजी, तुम्ही होता ना त्या सभेला?"

"होती ना. सही करूनच आली."

"सही केली?"

"आता अंगठा लावू का मी?" त्या दुखावल्या. "तुझ्या बापाने सप्टेंबरपासून रोज दुपारी आम्हा अकरा जणींले बसवलं. हात धरधरून शिकवलं. ज्या दिवशी नाव लिहिता आलं, त्या दिवशी म्हणाले, कौसल्या, आजपासून शाईच्या डबीत बोट घालशील तर माझ्याशी बोलू नको. नोव्हेंबरच्या सभेत मी पहिल्यांदा सही केली. इतकी दाबून केली का नत्थूजी म्हणे, आजी, पान फाडतेस का."

"आणि जानेवारीत?"

"तेव्हा साध्या कागदावर घेतल्या. रजिस्टर कपाटात आहे म्हणे, मागून उतरवू. पंचवीस-तीस जण असू आम्ही. सही करून मी लगेच निघाली, गुरुजी तेव्हा बसूनच होते."

माझ्या हातात भाकरी तशीच राहिली. पंचायतीच्या टेबलावर मी ते नवं रजिस्टर पानन् पान पाहिलं होतं. क्रमांक सतरा, कौसल्याआजींचं नाव. समोर निळ्या शाईचा अंगठा होता.

त्या शनिवारी संध्याकाळी मी उरलेल्या दहाही जणींच्या घरी गेले. प्रत्येकीने आपली सही करून दाखवली, कोणी पाटीवर, कोणी पिठाच्या डब्यावर खडूने. प्रत्येकीच्या नावापुढे नव्या रजिस्टरात अंगठा होता. मी जितेंद्रना फोन करून सांगितलं की सोमवारी जुनं रजिस्टरही चौकशीत लागेल. नोव्हेंबरच्या सह्या त्यात होत्या.

"कपाटातच आहे, मॅडम," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी कपाट उघडलं, तेव्हा जुनं रजिस्टर तिथे नव्हतं.

५

विस्तार अधिकारी इंदुताई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकायला सांगितलं. "गावाचा विषय आहे. गावासमोर होऊ द्या," म्हणाल्या. साठसत्तर माणसं पटांगणात उभी राहिली. कोणी माझ्या बाजूला उभं राहिलं नाही, कौसल्याआजी आणि त्यांच्या दहा जणी सोडून.

"जुनं रजिस्टर कुठे आहे?" इंदुताईंनी विचारलं.

जितेंद्रांचा चेहरा उतरला होता. "शनिवारपर्यंत होतं."

"वाळवी लागली होती," मनोहरराव शांतपणे म्हणाले. "पावसाळ्यापासून म्हणत होतो मी. बाहेर फेकलं असेल कोणी."

"मग तुमच्याकडे काय उरलं?" इंदुताई माझ्याकडे वळल्या. "बायांचं तोंडी म्हणणं. त्या आज सही करतात हे मला दिसतं. जानेवारीत करत होत्या हे कागदावर पाहिजे."

तसा कागद माझ्याकडे नव्हता. मी गर्दीकडे पाहिलं. नत्थूजी मागे, भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले तेव्हा मला वाटलं ते पाणी द्यायला येत आहेत. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली, तिच्यातून गमछ्यात गुंडाळलेलं रजिस्टर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"शनिवारी मले जाळायले दिलं होतं," ते म्हणाले. "आंघोळीच्या चुलीत टाक म्हणे."

"कोण म्हणालं?"

नत्थूजींनी मान वर केली नाही. "आधी वाचा, बाईसाहेब."

इंदुताईंनी नोव्हेंबरचं पान काढलं. कौसल्याआजींची सही तिथे होती, कागदाला खड्डा पडेल इतकी दाबलेली. उरलेल्या दहाही होत्या. बाजूला नवं रजिस्टर ठेवलं. अकरा अंगठे.

"नोव्हेंबरात लिहिता येत होतं आणि जानेवारीत अकरा जणी एकदम विसरल्या," इंदुताई म्हणाल्या. "म्हणजे हे अंगठे आधीचे. किती आधीचे?"

मी म्हटलं, "जुन्या रजिस्टरात ऑगस्ट पाहा."

त्यांनी पानं मागे उलटली. एक मेची सभा होती. तिच्यानंतर थेट बावीस ऑगस्ट. मथळा होता, तहकूब ग्रामसभा. त्यांचं बोट मथळ्यावर थांबलं.

"तहकूब. म्हणजे आधी एक सभा बोलावली होती, ती अर्धवट उठली. पंधरा ऑगस्टची." त्यांनी आणखी एकदा पान मागेपुढे केलं. "तिच्या सह्या कुठे आहेत?"

मी टेबलाजवळ गेले.

"तुमच्या डाव्या हाताखाली," मी म्हटलं. "नव्या रजिस्टरात, पान एक ते चार. पंधरा ऑगस्टला मोठी सभा म्हणून नवं रजिस्टर काढलं. लोक आत येता येता सह्या करत गेले, वरची जागा नेहमीसारखी कोरी. काम सुरू व्हायच्या आत गावातले धोंडबा पाटील वारल्याची बातमी आली आणि सगळे उठले. लिहायला काही नव्हतंच. नवं रजिस्टर कपाटात गेलं. जुन्यात दहाबारा पानं शिल्लक होती, म्हणून पुढच्या लहान सभा त्यात झाल्या. जानेवारीत तीस माणसं आली. शंभर पाहिजे होती. कपाटात एकशे आठ तयार होती, वर तारखेची जागा कोरी. न येता यादीत नाव लागणं इथे कोणाला नवं नव्हतं."

"हे कोणाला माहीत असणार?"

"सरपंच ऑगस्टात कन्हानला होत्या. जितेंद्र आले डिसेंबरात. तेव्हाचे ग्रामसेवक बदलून गेले. त्या दिवशी अध्यक्षाच्या खुर्चीत उपसरपंच होते, आणि रजिस्टर घेऊन नत्थूजी." मी मनोहररावांकडे पाहिलं. "काका, तुम्ही म्हणालात ठराव वाचून झाल्यावर बाबांनी सही केली. मग ती पहिली कशी?"

नत्थूजी म्हणाले, "चाबी यांनीच मागितली होती. गुरुजी गेले त्याच दिवशी, अंत्ययात्रेहून आल्यावर."

मनोहरराव उठले नाहीत. त्यांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर नीट घेतला.

"माणूस तर गेलाच होता," ते म्हणाले. "त्याच्या नावाने गावाचं काही होत असेल तर त्याचं काय गेलं?"

पटांगणातून आवाज उठला. त्यांनी हात वर केला आणि थेट मला विचारलं, "पण तू सांग, माया. एवढा रेघ मारणारा तुझा बाप. कोऱ्या पानावर सही करून गेला कसा? मी हात धरला होता का त्याचा?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. हा प्रश्न मला शनिवारपासून माहीत होता. उत्तरही माहीत होतं. ते दिलं नाही तर बाबांनी स्वतःच्या खुशीने काहीतरी कबूल करून ठेवल्याचा संशय उरला असता. दिलं तर ज्या गोष्टीसाठी ते साऱ्या गावाला रागवत, तीच त्यांनी केली होती हे गावाला कळलं असतं.

"मी गाडी घेऊन दारात उभी होते," मी म्हटलं. "नागपूरला त्यांची तपासणी होती. वेळ अकराची मिळाली होती, महिनाभर थांबून. ते म्हणाले, सभेला तोंड दाखवून येतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. रजिस्टर नुकतंच उघडलं होतं, ते सगळ्यांच्या आधी सही करून बाहेर आले. गाडी नदीच्या पुलावर असताना फोन आला की धोंडबाकाका गेले, सभा उठली. बाबा म्हणाले, चला, म्हणजे माझी सभा चुकली नाही." मी पर्समधून केसपेपर काढून टेबलावर ठेवला. "यावर तारीख आहे. पंधरा ऑगस्ट. त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना आजार सांगितला. सप्टेंबरात त्यांनी या बायांचा वर्ग सुरू केला."

इंदुताईंनी केसपेपर वाचला. नव्या रजिस्टरच्या चारही पानांवर लाल शाईने तिरपी रेघ मारली, खाली तारखेसह सही केली.

"सव्वीस जानेवारीची सभा भरलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "ठराव नाही. ताबा नाही. बाकीचं मी वर लिहून पाठवते." मग मनोहररावांना, आवाज न चढवता, "तुम्ही गाव सोडून जाऊ नका."

६

नवी ग्रामसभा पुढच्या रविवारी झाली. माझं नाव नागपूरच्या मतदारयादीत आहे, म्हणून मी पटांगणाच्या कुंपणाबाहेर उभी राहिले. दोनशेच्या वर माणसं आली. गोपिकाने डेपोचा विषय स्वतःच मांडला आणि चांगला मांडला. पोरांना काम पाहिजे हे कोणी नाकारलं नाही. वाद तासभर चालला, दोनदा खुर्च्या सरकल्या. हात मोजले तेव्हा या जागेसाठी एकाहत्तर वर होते आणि विरोधात एकशे बत्तीस. गोपिकाने आकडा मोठ्याने वाचला, ओठ घट्ट मिटले, आणि दुसरी जागा शोधायची समिती तिथेच नेमली. समितीत तिने नत्थूजींचं नाव घातलं, तेव्हा ते मागे वळून पाहू लागले की दुसरा कोणी नत्थूजी आहे का.

मग कौसल्याआजी उभ्या राहिल्या. सभेत बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"माझं म्हणणं लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "वरची ओळ लिहिल्याबिगर खाली कोणी सही करणार नाही. कोणाची गाडी दारात उभी असली तरी."

काही जण माझ्याकडे वळले. मी कुंपणाची तार धरली.

"गुरुजीले चालली ना," मागून एक म्हातारा म्हणाला.

"चालली नाही, चुकली," आजी म्हणाल्या. "मले कोऱ्या कागदावर नाव गिरवताना पाहिलं तर चार दिवस बोलले नाही माझ्याशी. आणि स्वतः काय केलं, पाहा."

"आमच्या पोराले तर उठाबशा काढायले लावल्या होत्या," दुसरी म्हणाली.

"आता वरून पाहत असतील तर तोंड कुठे लपवू म्हणत असतील."

"कुठे लपवतात? तिथेही कोणाची तरी वही तपासून राहिले असतील."

हसू एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलं. कोणी त्यांच्या चालण्याची नक्कल केली, कोणी त्यांचा खाकरण्याचा आवाज काढला, हुबेहूब. तीन आठवडे या गावात त्यांचं नाव खाली मान घालून किंवा दात खाऊन घेतलं जात होतं. आता ते असल्यासारखे लोक त्यांच्यावर हसत होते. मीही हसले. हसता हसता मला रडू आलं, आणि कुंपणाच्या आतून कोणीतरी माझ्यासाठी एक खुर्ची तारेवरून बाहेर दिली.